नदीदरवाज्याच्या बंदुकीचा गज

खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि ते तिथंच राहिलं. वरच्या साहेबांपासून फाटकावरच्या रखवालदारापर्यंत सगळे त्यांना चिंधीकाका म्हणत. खांद्यावर, खिशात, कमरेला, कुठं ना कुठं तेलाची चिंधी खोचल्याशिवाय हा माणूस कुणी पाहिलाच नव्हता. संग्रहालयाच्या तळघरात दोनशे अकरा जुन्या बंदुका होत्या आणि त्यांच्यावर गंज चढू द्यायचा नाही, एवढंच काकांचं काम. पहिल्या कपाटापासून सुरुवात करायची. एकेक बंदूक ब्लँकेट अंथरलेल्या टेबलावर आडवी घ्यायची, पुसायची, तेलाचं बोट फिरवायचं, तिच्या कार्डावर तारीख टाकून सही करायची. शेवटच्या कपाटाला पोचायला चार महिने लागत. तोवर पहिल्या कपाटात पुन्हा तांबूस ठिपके उगवलेले असत. गंजाला रविवार नसतो, असं काका म्हणायचे. अडतीस वर्षं हे असंच. आता निवृत्तीला एकवीस दिवस उरले होते, आणि डोळे, कंबर, गुडघे या तिघांनी काकांच्या आधीच अर्ज देऊन टाकले होते.

बंदुकांखालोखाल काकांनी कुणाला हाताळलं असेल तर ते लेखकांना. कादंबरीत बंदूक आली की मंडळी तळघराच्या पायऱ्या उतरायची. एकाचा नायक भरधाव घोड्यावरून एकाच बंदुकीतून सात बार काढायचा. काका म्हणाले, "साहेब, ही एका बाराची बंदूक आहे. दुसऱ्या बाराला खाली उतरून, उभं राहून पुन्हा भरावी लागते." तो म्हणाला, "काका, वाचक मोजत बसत नाहीत." दुसऱ्या एका कवीमनाच्या गृहस्थांना काहीच विचारायचं नव्हतं, त्यांना फक्त नळीचा वास घ्यायचा होता. घेतला, डोळे मिटले, शिंकले आणि गेले.

लेखिकाबाई मात्र वेगळ्या. पन्नाशी ओलांडलेली बाई, खांद्याला जड पिशवी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. चार वर्षं एकच कादंबरी लिहीत होत्या. पायऱ्या उतरून आल्या की आधी स्टुलावर बसून दम खायच्या, मग वही काढायच्या. वहीत प्रश्नांना नंबर घातलेले. बंदुकीचं वजन किती? खांद्यावर घेऊन तासभर उभं राहिलं तर आधी काय दुखतं? तोडा, म्हणजे दारू पेटवायची ती जळती दोरी, पावसात कशी सांभाळायची? काका सांगत, त्या लिहीत. दोघांनाही एकमेकांच्या थकव्याची सवय झाली होती. मधेच कोणी गप्प झालं तर दुसरा कारण विचारत नसे.

एकदा त्यांनी काकांना सगळं करूनच दाखवायला लावलं. खरी बंदूक भरायची नाही हा नियम, म्हणून कोपऱ्यातला झाडू घेतला. काकांनी झाडूची बंदूक केली. दारू ओतल्यासारखं केलं, गोळी टाकल्यासारखं केलं, मग पट्टीचा गज करून ठासलं, नळीच्या कानाशी रंजक, म्हणजे पेट घ्यायची बारीक दारू घातली, तोडा फुंकला. बाई घड्याळ लावून बसलेल्या.

"किती लागला वेळ?" काकांनी धापा टाकत विचारलं.

"एक मिनिट दहा सेकंद. पण समोरून शत्रू येतोय काका. घाईत किती लागेल?"

"घाईत? दोन मिनिटं."

बाई हसल्या आणि तेसुद्धा लिहून घेतलं.

त्यांची कादंबरी होती एकशे सतरा नंबरच्या बंदुकीवर. वर दालनात काचेच्या पेटीत ती एकटीच असायची. तिची गोष्ट गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ. जुन्या काळी नदीदरवाज्यावर एक पहारेकरी होता. पहाटेच्या धुक्यात शत्रूच्या नावा आल्या. दोन बार झाले, असं एका जुन्या पत्रात लिहिलेलं होतं. तिसरा कुणी ऐकला नाही. दरवाजा पडला, पहारेकरी मेला, आणि पुढं दीडशे वर्षं लोकांनी त्याला फितूर ठरवलं. मग अडतीस वर्षांपूर्वी एका जाड चष्म्याच्या अभ्यासकानं त्याची बंदूक हातात घेतली, नळीखालच्या खाचेतला लाकडी गज ओढला आणि अर्धाच गज बाहेर आला. तुटलेला! अभ्यासक ओरडलाच म्हणे. ठासायला गज नाही तर माणूस बार भरणार कसा? फितूर एका दिवसात वीर झाला. पाटी बदलली, धडा छापला गेला, चौकाला त्याचं नाव मिळालं.

अभ्यासक ओरडला तेव्हा त्याच्यामागं चिंधी घेऊन एक विशीतला पोरगा उभा होता. त्याला लागून सहा महिने झाले होते आणि नोकरी अजून कायम व्हायची होती. तो काहीच बोलला नाही.

तर त्या दिवशी बाईंनी वही उघडली, पेनचं टोपण दातात धरलं आणि सहज विचारलं, "काका, एक साधी गोष्ट राहिलीच बघा. गज तुटला. अर्धा खाचेत सापडला. मग दुसरा अर्धा कुठं गेला?"

काका तेलाच्या बाटलीचं बूच लावत होते. ते लागेना.

"पडला असेल नदीत," ते म्हणाले.

"तेच मला जुळेना. ठासताना तुटला असेल तर पुढचा तुकडा नळीत अडकेल ना? हातातला तुकडा माणूस फेकून देईल, रागानं. इथं उलटंच. हातातला तुकडा नीट खाचेत घालून ठेवलाय. लढाईच्या धांदलीत कोण एवढा टापटिपीचा?"

अडतीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मोठमोठे अभ्यासक येऊन गेले, त्यांनी कागद तपासले, तारखा तपासल्या. या बाईला माणूस हातातला तुटका तुकडा घेऊन काय करेल हे लिहायचं होतं, म्हणून तिला तो प्रश्न पडला.

"मी साहेबांशी बोलले," बाई म्हणाल्या. "त्यांच्याकडे तो वायरीचा कॅमेरा आलाय ना, पाइपात घालतात तसला? उद्या दहा वाजता नळीत घालून बघू म्हणाले. असला तुकडा आत तर काय बहार येईल! माझं शेवटचं प्रकरणच उभं राहील."

"हो," काका म्हणाले. "येईल बहार."

संध्याकाळी घरी बायको खुर्चीत पाय वर घेऊन शर्टाची बटणं लावत बसली होती. काकांनी चप्पल काढली आणि दारातच सगळं सांगून टाकलं. तो अभ्यासक येण्याआधी एकशे सतरा नंबर साफ करताना आपल्या कोठीतला लोखंडी गज घ्यायचा सोडून त्यांनी बंदुकीचाच जुना लाकडी गज घेतला होता. त्याच्या टोकाला चिंधी गुंडाळून नळीत घातला. तळाच्या चार बोटं अलीकडे तो अडला. आत मळ साचलाय असं वाटून त्यांनी जोर केला, पिळला, आणि कट्‌कन आवाज झाला. तुकडा चिंधीसकट आत. हातातलं अर्धुक त्यांनी खाचेत सरकवलं. तुटलेलं टोक ताजं दिसू नये म्हणून त्याला तेल आणि काजळी चोळली.

बायकोनं दोरा दातानं तोडला. "एवढंच?"

"एवढंच काय म्हणतेस?"

"अहो, लग्न झाल्यापासून झोपेत दचकता तुम्ही. मला वाटलं, कोणी बाई असेल. इतकी वर्षं मी त्या बाईला शिव्या घालतेय. निघाला गज!"

काकांना हसू आलं नाही. ते खाली बसले. "निरोपाच्या दिवशी सन्मानपत्र देणार आहेत मला. साहेबांनी दाखवलं. पहिलंच वाक्य आहे: अडतीस वर्षांत यांच्या हातून एकाही वस्तूला ओरखडा पडला नाही."

"मग?"

"मग काय? माझ्याकडे दुसरं आहे काय सांगायला? पोरांनी काही मला बघून शिकावं असं मी काय केलं? शिकलो नाही, चढलो नाही, तळघरातच राहिलो. एवढं एक वाक्य होतं."

बायकोनं शर्टाची घडी घातली. मग म्हणाली, "नका सांगू मग. काढून टाका तो तुकडा. तुम्हाला येतं की काढायला."

येत होतंच. नळीत अडकलेली चिंधी ओढायला मळसूत्री काटा असतो, लांब दांड्याचा. शिवाय मनाची समजूतही तयार होती, वर्षानुवर्षं घोटून गुळगुळीत झालेली: आपल्या चुकीनं कुणाचं वाईट झालंय का? उलट एका मेलेल्या माणसाच्या कपाळावरचा कलंक पुसला गेला. चौकाला नाव मिळालं. आता खरं सांगून त्या बिचाऱ्याला पुन्हा फितूर करायचं का?

दुसऱ्या दिवशी काका नऊलाच आले. कॅमेऱ्यासाठी एकशे सतरा नंबर आदल्या दिवशीच खाली आणून ठेवला होता. त्यांनी बंदूक ब्लँकेटवर घेतली, काटा आत घातला, हलक्या हातानं फिरवला. काट्याला काहीतरी लागलं. बाहेर काढला तर टोकाला दोन धागे. निळे.

ते धागे बोटात धरून काका बसले. अजून पाऊण तास होता. पुन्हा घालायचा, पुन्हा फिरवायचा, चिंधी ओढायची, तुकडा ओढायचा, सगळं खिशात घालायचं, नळी पुसायची, हात धुवायचे, दहा वाजता चेहरा कोरा करून उभं राहायचं. आणि मग पुन्हा झोपेत दचकायचं, उरलेलं आयुष्य. विशीत हे सगळं एका झटक्यात जमलं होतं. आज नुसती यादी करूनच त्यांचे खांदे भरून आले. लपवायलासुद्धा अंगात जोर लागतो. त्यांनी काटा बाजूला ठेवला आणि दहा वाजेपर्यंत तसेच बसून राहिले.

साहेब कॅमेऱ्याची वायर गळ्यात अडकवून आले. पस्तिशीतला उत्साही माणूस. मागोमाग बाई, जिना उतरून धापा टाकत.

"चला काका, बघू तुमच्या वीराच्या पोटात काय आहे ते!"

"साहेब, थांबा जरा. आत काय आहे ते मी सांगतो." काका बसूनच म्हणाले, "आत गजाचा अर्धा तुकडा आहे. तुकड्याला चिंधी गुंडाळलेली आहे. चिंधी माझी आहे."

"काका, सकाळी सकाळी चेष्टा नको."

काकांनी निळे धागे पुढं केले. साहेबांनी ते घेतले, उजेडात धरले, आणि मग गळ्यातली वायर हळूहळू काढून टेबलावर ठेवली. बाई स्टुलावर बसल्या.  मग म्हणाल्या, "कधीची?"

"लागलो त्या वर्षीची."

"काका, माझी साडेतीनशे पानं त्या गजावर उभी आहेत."

"हो, बाई."

"झाडू घेऊन मला ठासून दाखवत होतात, तेव्हासुद्धा तुम्हाला..."

"तेव्हासुद्धा."

बाईंनी वही मिटली. रागावल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. त्या नुसत्याच बसून राहिल्या, भाजीची पिशवी घेऊन जिन्यात टेकलेल्या बाईसारख्या. अजून दोन मजले आहेत हे माहीत असलेल्या.

"सगळं पहिल्यापासून सांगा," त्या म्हणाल्या. "तुटला कसा?"

काकांनी सांगितलं. चार बोटं अलीकडे अडला, जोर केला, पिळला. साहेबांनी मधेच हात वर केला. "चार बोटं? मोजली होती?"

"नंतर मोजली. अडला तिथं गजावर तेलकट बोटाची खूण उरली होती, ती कोठीतल्या गजावर घेऊन नळीला बाहेरून लावली. जुनी बंदूक हातात घेतली की गज आत सोडायचा, अंगठ्यानं खूण धरायची, तोच गज नळीवर बाहेरून लावून बघायचा. खूण तळाशी पोचली तर नळी रिकामी. हा आमच्या कामातला पहिला धडा. मी तो धडा गज तुटल्यावर शिकलो."

"आणि खूण पोचली नव्हती."

"नव्हती. मळ असेल म्हटलं."

"चार बोटं मळ?" साहेब म्हणाले. त्यांनी बंदुकीची नळी सावकाश भिंतीकडे वळवली आणि दोघांनाही टेबलामागं यायला सांगितलं.

दोन दिवसांनी सरकारचा दारूगोळ्याचा जाणकार आला. मिशीवाला, कमी बोलणारा. त्यानं सगळ्यांना जिन्यात उभं केलं, नळी आतून रात्रभर भिजवून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एका तबकात चार वस्तू मांडून बोलावलं. गजाचा तुकडा. निळ्या पट्ट्यांची कुजकी चिंधी. ती काकांच्या विशीतल्या शर्टाची बाही होती. शिशाची एक गोळी, बोरापेक्षा थोडी मोठी. आणि काळ्या चिखलासारखी दारू.

"भरलेली होती," मिशीवाला म्हणाला. "इतकी वर्षं पुसत कोण होतं हिला?"

काकांनी बोट वर केलं.

"तोंड कुठल्या बाजूला असायचं?"

"नळीच्या."

मिशीवाल्यानं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नशीबवान आहात," एवढंच म्हणाला आणि पावती करायला बसला.

बाई तबकाशी वाकल्या होत्या. त्यांनी मान वर केली. "म्हणजे तिसरा बार त्यानं भरला होता. ठासला, गज पुन्हा खाचेत घातला, सगळं शांतपणे केलं. आणि उडवला नाही."

"किंवा उडवता आला नाही," काका घाईघाईनं म्हणाले. त्यांना एकदम त्या पहारेकऱ्याची बाजू घ्यावीशी वाटली. "धुकं होतं बाई, रंजक दमट झाली असेल. तोडा विझला असेल. नाहीतर भरून उभा राहिला आणि तेवढ्यात त्यालाच गोळी लागली असेल."

"किंवा नावेत कुणी ओळखीचं दिसलं असेल."

"तेही असेल."

"चार वर्षं काका." बाईंनी डोळे चोळले. "गज बरा होता हो. गजानं सगळा निकाल लावून टाकला होता. आता मला त्या माणसाच्या डोक्यात शिरावं लागणार."

"मी काही मदत..."

"तोडा विझायला किती वेळ लागतो दमट हवेत? हाताला भाजतो का? आणि खरं सांगा या वेळी. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा."

काकांनी खरं सांगितलं. पाच प्रश्नांतले तीन त्यांना माहीत नव्हते. बाईंनी त्या तिन्हींपुढं फुली मारली आणि बाकीचे दोन लिहून घेतले. जाताना त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. माफ केलं असा त्याचा अर्थ होता, की जिना चढण्याआधी आधार हवा होता, ते काकांना कळलं नाही.

कार्ड भरायचं काम साहेबांवर आलं. ते खाली आले, खुर्ची ओढून बसले आणि कार्डाकडे बघत राहिले.

"काका, मी लिहितो, गज तुटला, कारण अज्ञात. तुमचे आठ दिवस राहिलेत. कशाला उगाच?"

"अज्ञात कसं? मी इथं बसलोय की समोर."

"मग 'कर्मचाऱ्याच्या हातून' असं?"

"आणा इकडं," काका म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला आणि अडतीस वर्षं नुसत्या तारखा नि सह्या पडलेल्या त्या कार्डावर पहिल्यांदा पूर्ण वाक्य लिहिलं: गज साफसफाई करताना माझ्या हातून तुटला, व मी तो लपवला. खाली खरं नाव लिहिलं. रोजची सही नुसता फराटा होती; हे एकेक अक्षर आठवून लिहावं लागलं. सवयच राहिली नव्हती.

"आणि साहेब, सन्मानपत्रातलं ते वाक्य काढा."

"छापून झालंय हो. चौकटपण बसवली."

"दुसरं छापा."

"अहो, पण ते वाक्य काढलं तर पत्रात उरतं काय?"

"नाव राहू द्या. तारखा राहू द्या."

साहेब उठले. दारात थांबून म्हणाले, "चौकाचं काय करायचं मी, सांगा? त्या पाटीचं? धड्याचं?"   वरच्या काचेच्या पेटीत तोवर एक कोरा कागद चिकटवून ठेवला होता: वस्तू अभ्यासासाठी काढली आहे.

निरोपाच्या दिवशी वरच्या हॉलमध्ये वीस-बावीस खुर्च्या मांडल्या होत्या. निम्म्या भरल्या. चहा झाला, बिस्किटं झाली. बाई मागच्या रांगेत येऊन बसल्या होत्या आणि मांडीवरच्या कागदांवर काहीतरी खोडत होत्या. साहेबांनी पत्र वाचलं; ते इतकं लहान होतं, की टाळ्या वाजवायचं लोकांना जरा उशिरा सुचलं. दोन शब्द बोला म्हणाले. काका उभे राहिले, "दोनशे अकरा आहेत," म्हणाले, "सातव्या कपाटाला ओल येते, तिकडं लक्ष ठेवा," आणि बसले.

घरी आले तेव्हा बायको दारातच उभी होती. तिनं चौकट हातात घेतली आणि उजेडाकडे धरली.

"काय लिहिलंय? माझा चष्मा आत आहे."

"लिहिलंय, वेळेवर येणारे."

"ते तरी खरं का?"

"निम्मं."

"आणि?"

"आणि मितभाषी."

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं.

"ते होतो," काका चप्पल काढत म्हणाले. "नको तितका."